हातातली चिमणी

फ्रेम फुटली की माणसं आधी खोटं बोलतात, हे मला या धंद्यात पडल्यावर सहा महिन्यांत कळलं. सायकल उभ्या-उभ्या पडली म्हणतात. कुरिअरवाल्यानं आपटली म्हणतात. बेळगावचे एक गृहस्थ तर शपथेवर सांगत होते की सायकल घरात माळ्यावर ठेवली होती, सकाळी बघतात तर चीर. मी फ्रेम वाचली. सायकल मोटारीच्या टपावर बांधलेली होती आणि गृहस्थ ते विसरून मोटार तशीच गॅरेजात घालायला गेले होते. मी त्यांना एवढंच विचारलं की गॅरेजचं दार आता कसं आहे. ते हसले, आणि चहा पिऊन गेले.

अब्बा मात्र गिऱ्हाईक नव्हते. म्हणून त्या मंगळवारी सकाळी त्यांनी फ्रेम माझ्या बाकावर ठेवली आणि सांगितलं की भिंतीला टेकवून ठेवली होती, भाजीच्या हातगाडीनं धक्का दिला, तेव्हा मी मान डोलावली. हातगाडीवाल्यांना दोन शब्द ऐकवले सुद्धा.

"जरा ठोकून बघ," अब्बा म्हणाले आणि दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घालून उभे राहिले.

हे मात्र मला खटकलं. ठोकून बघायचं काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवलं नव्हतं. माझे अब्बा, दस्तगीर मिस्त्री, मिरजेतले तंबोऱ्याचे कारागीर. मी सात वर्षांची असताना ते मला भोपळे निवडायला बरोबर न्यायचे. वाळलेल्या भोपळ्यांच्या ढिगासमोर उकिडवं बसायचं, डोळे मिटायचे, अनामिकेच्या पेरानं एकेक भोपळा हलकेच ठोकायचा. चांगला भोपळा उत्तर देतो. चिरलेला बद्द वाजतो, मग चीर डोळ्यांना दिसो की न दिसो. कार्बनच्या सायकली दुरुस्त करायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की इथंही तेच आहे. धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटले की नळी बद्द वाजते. माझा धंदा मी शिकले तो पुण्याच्या प्रयोगशाळेत, पण त्याच्या आधी त्या भोपळ्यांच्या ढिगापाशी.

मी डोळे मिटून वरची नळी ठोकत गेले. मध्यावर आवाज मेला. तिथून पुढं हँडलापर्यंत तो मेलेलाच राहिला.

"लांब गेलीय चीर," मी म्हटलं.

"होईल ना नीट?"

मी म्हटलं, होईल. ते निघाले. दारातून वळून त्यांनी विचारलं, फ्रेम वाचायलाच हवी का, नुसती दुरुस्त नाही का होणार. मी म्हटलं, वाचल्याशिवाय आत कुठंवर फाटलंय ते कसं कळणार. ते पायरी उतरून गेले.

फ्रेम वाचणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. कार्बनची सायकल म्हणजे केसापेक्षा बारीक धाग्यांचं कापड आणि त्याला घट्ट धरून ठेवणारी राळ. पूर्वी ही राळ मुकी असायची. दहा-बारा वर्षांपूर्वी तिच्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळायला लागले, इतक्या सूक्ष्म की त्यांच्या कोट्यवधींची मोळी बांधली तर केसाएवढी होईल. फ्रेमवर वजन पडलं, ती वाकली, पिळली, की या नळ्या एकमेकींपासून किंचित सरकतात आणि पुन्हा पूर्णपणे जागेवर येत नाहीत. तेवढ्यानं वीज वाहून नेण्याची राळेची ताकद जराशी बदलते. तो बदल तिथंच राहतो. फ्रेमला चौसष्ट चिमटे लावून अगदी हलकी वीज सोडली की यंत्र सांगू शकतं, इथं किती जोर पडला, कुठल्या बाजूनं पडला, त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं. वार आणि वेळ फ्रेमला कळत नाही. झाडाच्या खोडातली वलयं वर्षं सांगतात, तारीख सांगत नाहीत, तसंच. पण एका हिसक्यानंतर दुसरा किती लवकर आला, ते ती बरोबर सांगते.

शर्यतीवाल्यांसाठी निघालेली ही गोष्ट. फ्रेम कधी थकणार ते आधी कळावं एवढाच हेतू. पण नळीवर बसणारा माणूस कसा बसतो, कुठल्या पायावर जास्त भार देतो, उतारावर घाबरतो का, हेही सगळं तिच्यात उतरतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधीच विचारते, किती वाचू? बहुतेक जण म्हणतात, चिरेपुरतं. अब्बांना मी विचारलं नाही. घरच्या माणसाला कोण विचारतं?

ही फ्रेम मीच बनवलेली होती, त्यांच्या पासष्टाव्या वाढदिवसाला. वरची नळी दुप्पट थरांची, कारण तिच्यावर पुढच्या बाजूला हिबाची खुर्ची बसवायची होती. हिबा माझी मुलगी, चार वर्षांची, चौदा किलोची. तिला बालवाडीत सोडायचं आणि आणायचं काम नानांचं, म्हणजे अब्बांचं. वाटेत रेल्वेचं फाटक लागतं. गाडी जाईपर्यंत दोघं डबे मोजतात आणि घरी येऊन दोन वेगवेगळे आकडे सांगतात. मला कामाला मिळणारा वेळ म्हणजे ती बालवाडीत असते तो, आणि दुपारी ती झोपते तो. त्या दुपारी ती झोपल्यावर मी फ्रेमला चिमटे लावले.

पडद्यावर पहिल्यांदा दिसली ती बारीक दातेरी रेघ. हँडलाखालच्या नळीत, उजवीकडून, सेकंदाला पाच ठोके. पुन्हा पुन्हा, महिनोन् महिने.  हँडलाचे छर्रे सैल राहिले असणार, आणि ते मीच बसवलेले. माझ्या हातच्या चुकीमुळं नळी आतून झिजत गेली आणि अब्बा त्याच सायकलवरून माझ्या पोरीला नेत होते. मी उठून छर्रे काढून बघितले. घट्ट होते. एकही घासलेला नव्हता.

मग रेघ पुन्हा नीट बघितली. छर्रे सैल असते तर सायकल चालताना ठोके दिसले असते. इथं उलटं होतं. पेडल फिरत असताना रेघ स्वच्छ, शांत. सायकल थांबली, हात हँडलावर नुसता टेकला, की पाच ठोके सुरू. पुन्हा पेडल मारलं की बंद. सायकल हलत नव्हती तेव्हा काहीतरी हलत होतं, आणि ते सायकलचं नव्हतं.

मी शेवटाकडं गेले. शेवटची फेरी. हिबा बसली, चौदा किलो. गल्लीतलं वळण. मग वेग कमी झाला, थांबायची वेळ आली. इथं नेहमी डाव्या पायावर भार जातो आणि पेडलवरचा कमी होतो. या वेळी गेला नाही. सायकल उभ्या-उभ्या डावीकडं कलायला लागली. आणि कलता कलता, पापणी लवायच्या आत, खुर्चीवरचे चौदा किलो नाहीसे झाले. मग फ्रेम आडवी कशावर तरी आदळली. त्यापुढं रुळांचे चार दणके असायचे, रोज असायचे. ते त्या दिवशी नव्हते.

हिबाचं वजन आधी गेलं. फ्रेम नंतर पडली.

मी आत गेले. ती पालथी झोपली होती, तोंड उघडं. मी तिचे कोपर बघितले, गुडघे बघितले, केस बाजूला करून डोकं बघितलं. एक ओरखडा नव्हता. तरी मी तिच्याजवळ बसून राहिले आणि चिमटे तिकडं तसेच लागलेले राहिले.

इम्तियाज, माझा नवरा, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. संध्याकाळी तो पोहे खात असताना मी त्याला रेघेबद्दल सांगितलं. सेकंदाला किती, त्यानं विचारलं. पाच, मी म्हटलं. थांबल्यावरच? थांबल्यावरच. त्यानं बशी खाली ठेवली. अब्बांचा एक हात चालताना हलतो का, की अंगाला चिकटून असतो, सहीचं अक्षर बारीक झालंय का, असं तो एकेक विचारत गेला आणि प्रत्येक उत्तर मला ठाऊक होतं, फक्त मी ती एका जागी कधी ठेवली नव्हती.

"कंपवात असावा," तो म्हणाला. "डॉक्टर सांगतील ते खरं. पण वाटतंय तसंच."

मग माझ्या डोक्यात दुसरंच काही लख्ख झालं. दोन वर्षांपूर्वी अब्बांनी जवारी काढणं थांबवलं होतं. तंबोऱ्याची तार घोडीवर जिथं टेकते ती जागा कानशीनं इतकी हलकी घासायची की तार तिथं नुसती टेकू नये, थोडी रेंगाळावी. त्यातून तो भरलेला नाद येतो. केसभर जास्त घासलं की घोडी फुकट. चाळीस वर्षं लोक लांबून तंबोरे घेऊन त्यांच्याकडे यायचे, ते त्या एका हातासाठी. आणि अब्बांनी सगळ्यांना सांगितलं की डोळे गेले. दुकानाचा पुढचा भाग त्यांनी मला दिला. भोपळे टांगायच्या खुंट्यांना माझ्या फ्रेमा लागल्या. त्यांच्या डोळ्यांना काहीच झालेलं नव्हतं. फाटकापाशी गाडीचे डबे ते हिबापेक्षा बरोबर मोजायचे.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त आला. हात कापतो ते लपवा, तुमचा हात आहे. पण त्या हातात माझी मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिबाला स्कूटरवर बसवलं. सायकल मोडलेली असली तरी अब्बा तिला चालत न्यायला आले होते, दारात तिची पाण्याची बाटली गळ्यात अडकवून. मी म्हटलं, आज मीच सोडते. ठीक आहे, ते म्हणाले. उद्याही मीच सोडते, मी म्हटलं. त्यांनी बाटली काढून तिच्या गळ्यात घातली. पट्टा तिच्या कानात अडकला तो त्यांना चटकन सोडवता येईना, आणि मी तो सोडवून दिला नाही. तो क्षण अजून माझ्या अंगावर येतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात आले. मी नव्या धाग्यांचं कापड कापत होते. ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"किती वाचलंस?"

"सगळं."

त्यांनी माझ्याकडं न बघता फ्रेमकडं बघितलं. "मग विचार."

"हिबा पडली होती?"

"नाही." त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि बाकावर ठेवला. अंगठा तर्जनीवर फिरत होता, एका लयीत, चिमूटभर लाख मळल्यासारखा. मी मनात मोजले. पाच. "फाटक पडत होतं. थांबलो. पाय खाली टेकवायचा होता. डोकं सांगतंय, टेकव, आणि पाय दुसऱ्याचाच असल्यासारखा. सायकल कलंडायला लागली. म्हणून तिला उचलली, वर धरली. सायकल गेली फाटकाच्या खांबावर आणि मी गेलो सायकलवर. ती माझ्या हातात, वर. हसत होती. तिला वाटलं, मुद्दामच."

"एका हातानं उचललीत?"

"याच हातानं." ते हाताकडं बघत राहिले. "तेव्हा नाही थरथरला."

मला जे बोलायचं होतं ते मी तीन दिवस मनात घोळवलं होतं. त्यातलं निम्मंच बोलले. की तुम्ही मला सांगायला हवं होतं. की मी तुमची मुलगी आहे, गिऱ्हाईक नाही. की दोन वर्षं औषधाविना काढलीत. आणि एकदा पाय अडला तो पुन्हा अडेल, तेव्हा तिला उचलायला वेळ मिळेलच असं नाही.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं.

"लहानपणी भोपळे घ्यायला यायचीस," ते म्हणाले. "चिरलेला भोपळा व्यापारी कुठं ठेवायचा, आठवतं?"

आठवत होतं. मागं, भिंतीकडं चीर करून.

"मला तिथं बसायचं नव्हतं, तस्नीम."

मी बाकावरून हात पुढं करून त्यांच्या हातावर ठेवला. तो माझ्या तळव्याखाली हलत राहिला, थोडा वेळ, मग कमी झाला. हिबाला आता सायकलवर नाही न्यायचं, ते स्वतःच म्हणाले. मला म्हणावं लागलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

मज्जातंतूंच्या डॉक्टर बाईंनी निदान केलं, गोळ्या सुरू केल्या. इम्तियाजचा अंदाज खरा निघाला. निघताना मी चाचरत विचारलं की एका फ्रेमचं वाचन त्यांना बघायला आवडेल का. त्यांनी वाचन आठवड्यासाठी ठेवून घेतलं आणि मग मलाच फोन केला. लांबच्या फेऱ्यांनंतरची रेघ बघितलीत का, त्या म्हणाल्या.

मी बघितली. बालवाडीची फेरी दोन किलोमीटरची. परतल्यावर दारापाशी थांबताना पाच ठोके असायचेच. पण मधूनमधून अब्बा एकटे लांब गेलेले होते, अंकलीच्या पुलापर्यंत आणि परत. अशा फेरीनंतर दारापाशी रेघ जवळजवळ सपाट होती. चालताना ज्यांचा पाय जमिनीला चिकटतो, त्यांतल्या काहींना सायकल मात्र सहज चालवता येते, हे डॉक्टरांना जुनं माहीत होतं. पेडलची लय मेंदूला काहीतरी उसनं देते, असं त्या म्हणाल्या. पण कुणाला किती देते आणि ते किती वेळ टिकतं, हे दवाखान्यातल्या दहा मिनिटांत कसं कळावं? या फ्रेमनं ते दोन वर्षं टिपून ठेवलं होतं. सायकल सोडू नका, त्यांनी अब्बांना सांगितलं. मूल बसवू नका, एकटे जाऊ नका, आणि थांबताना रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवून पाय त्याच्यावर टाका, पाय सुटतो. अब्बांनी ते पोराला गृहपाठ दिल्यासारखं लिहून घेतलं. अक्षर खरंच बारीक झालं होतं.

दुरुस्ती अजून व्हायची होती. चीर हँडलापर्यंत गेलेली, म्हणजे फाटलेला भाग काढून नवं कापड चढवायचं आणि सगळा पुढचा भाग दीडशे अंशावर दोन तास तापवायचा. तापवली की राळ सैल होते, जुन्या-नव्याचा सांधा एकजीव होतो. पण सरकलेल्या नळ्याही मोकळ्या होतात. तेवढ्या भागाची आठवण पुसली जाते. म्हणून तापवण्याआधी मी नेहमी शेवटचं एकदा वाचून ठेवते.

त्या वाचनात मला हिबा सापडली.

झालं असं की माझं यंत्र दोन किलोच्या खालचं, लय नसलेलं सगळं गाळून टाकतं. मीच तसं लावून ठेवलं होतं, कारण शर्यतीवाल्यांच्या फ्रेममध्ये खडीचा, वाऱ्याचा, बाटलीतल्या पाण्याच्या हिंदकळण्याचा एवढा कचरा येतो की महत्त्वाचं दिसतच नाही. जवारीवाल्याच्या मुलीनं बारीक ते कचरा समजावं, यासारखी दुसरी चूक नाही. शेवटचं वाचन म्हणून मी गाळणी काढली. आणि पाच ठोक्यांच्या रेघेवर मला जागोजागी एक छोटासा दाब दिसला. हँडलाच्या उजव्या बाजूला, वरून, पाचसहाशे ग्रॅमचा. ठोके सुरू झाले की दोन-तीन सेकंदांनी तो यायचा. तो आला की ठोके लहान व्हायचे. कधी तीनवर यायचे, कधी थांबायचे. पेडल सुरू झालं की दाब निघून जायचा. अब्बा एकटे असायचे तेव्हा तो कधीच नव्हता. खुर्चीवर चौदा किलो असले तरच होता. मागं जात राहिले तशी हिबा हलकी होत गेली. तेरा किलो. बारा. दाब तेव्हाही होता, आणखी छोटा.

हिबा दाराशी बसून खडूनं फरशीवर काहीतरी काढत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, सायकल थांबली की तू काय करतेस.

"डबे मोजते."

"आणि हात कुठं असतात?"

तिनं खडू खाली ठेवला. "नानांच्या हातात चिमणी आहे," तिनं मला समजावून सांगितलं. "सायकल थांबली की ती घाबरते. मग मी वर हात ठेवते."

"मग?"

"मग ती झोपते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस," ती म्हणाली आणि खडू उचलला.

त्या दिवशी मी भट्टी लावली नाही. अब्बांना बोलावून पडद्यावर ती रेघ दाखवली. काय आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही. चिमणीची गोष्ट त्यांनीच सांगितली होती, पहिल्यांदा तिनं हात बघितला तेव्हा, वेळ मारून न्यायला. ती त्यावर हात ठेवते हे त्यांना माहीत होतं. ती दोन वर्षं प्रत्येक वेळी ठेवते, हे त्यांनी मोजलं नव्हतं. पडदा मोजत होता. नऊशे बारा.

मी म्हटलं, दुसरीही एक रीत आहे. न तापवता, थंड राळेनं सांधायची. बारा दिवस लागतील आणि सांधा कच्चा राहील, रस्त्यावर नेता येणार नाही. पण फ्रेम काही विसरणार नाही. भिंतीला लावून ठेवू. यंत्रात नक्कल आहे, पण नक्कल ती नक्कल. तिच्या हाताचा दाब खरा इथं आहे, या नळीत.

अब्बांनी नळीवरून बोट फिरवलं. मग डोळे मिटून अनामिकेच्या पेरानं ठोकलं. पेर दोनदा जास्त वाजलं, त्यांनी ते वाजू दिलं.

"घोडी झिजली की मी जवारी पुन्हा काढतो," ते म्हणाले. "आधीचा नाद जातो. कितीही गोड असला तरी जातो. म्हणून कुणी तंबोरा भिंतीला लावून ठेवतं का? वाजायला हवा तो." मग म्हणाले, "तापव. विसरू दे तिला."

मी तापवली. दोन तास भट्टीशेजारी आम्ही दोघं बसलो. ते मला एका तंबोऱ्याबद्दल सांगत होते, दोन वर्षांपासून आतल्या खोलीत अर्धवट पडलेला, गवई बाई अजून वाट बघतायत. अंकलीला जाऊन आलं की तासभर हात गप्प असतो, ते म्हणाले. तासभरात एक तार होईल. चार तारा, चार दिवस. मी म्हटलं, घाई काय आहे. ते म्हणाले, घाई तुझ्या चेहऱ्यावर आहे, भट्टी बघ. फ्रेम थंड झाल्यावर त्यांनीच ठोकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती सगळीकडं उत्तर देत होती. चिमटे लावले तर पुढच्या भागाचा पडदा कोरा.

आता आम्ही तिघं निघतो. हिबाची खुर्ची माझ्या सायकलवर आहे. अब्बा त्यांच्या सायकलवर, माझ्या डाव्या हाताला. तिला बालवाडीत सोडलं की आम्ही दोघं पुलापर्यंत जातो. ते पुढं निघून जातात आणि मग उगाच थांबल्यासारखं करतात. परत आल्यावर ते आतल्या खोलीत कानस घेऊन बसतात आणि मी माझ्या बाकावर, आणि तासभर कुणी बोलत नाही. पहिली तार गेल्या गुरुवारी झाली. मी नळी घासत होते ती घासायची थांबले. अब्बांनी तार पुन्हा छेडली, माझ्यासाठी.

पण मला सांगायचंय ते पहिल्या दिवसाचं. फाटक पडत होतं. मी थांबले, अब्बा माझ्या शेजारी थांबले. त्यांची नजर खाली पांढऱ्या पट्ट्यावर.  पाय हलला नाही, सायकल बोटभर कलली, आणि मग पाय सुटला आणि पट्ट्यावर बरोबर टेकला. अब्बांनी हात हँडलावर सैल सोडला. गाडी येत होती. उजवा अंगठा तर्जनीवर फिरायला लागला, माझ्या डोळ्यांसमोर, फाटकावर थांबलेल्या सगळ्यांसमोर. त्यांनी तो खिशात घातला नाही.

हिबानं डबे मोजायला सुरुवात केली. तीन म्हणता म्हणता ती खुर्चीतून डावीकडं वाकली. मी तिला धरलं. तिनं माझ्या सायकलवरून हात लांब करून नानांच्या हातावर ठेवला आणि मोजत राहिली. चार, पाच, सहा.

कोऱ्या राळेनं त्या दिवशी पहिली ओळ लिहून घेतली असेल. मी ती वाचलेली नाही.